ताप उतरल्यावरही धुमसणारी धमनी : कावासाकी आजार

तीन-चार वर्षांच्या मुलाला ताप येतो. पॅरासिटामॉलने तो तास-दोन तास खाली येतो आणि पुन्हा १०३-१०४ अंशांवर जातो. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होते, पण त्याचा गुण येत नाही. डोळे लाल होतात. मात्र ‘डोळे आले’ म्हणावे तर चिपडे धरत नाहीत. ओठ सुकून भेगाळतात, जीभ लालबुंद होते, अंगावर पुरळ उठते. गोवर म्हणावा तर सर्दी-खोकल्याचा फारसा पत्ता नाही, औषधाची ॲलर्जी म्हणावी तर औषध बंद केल्यावरही ताप हटत नाही. असेच दहा-बारा दिवस जातात. मग ताप आपणहून उतरतो, बोटांच्या टोकांची कातडी सोलते आणि मूल खेळायला लागते. घरच्यांच्या लेखी दुखणे संपलेले असते. काही मुलांच्या बाबतीत मात्र खरा धोका याच सुमारास डोके वर काढतो, आणि तो असतो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत.

या दुखण्याला कावासाकी आजार म्हणतात. लहानपणी होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहांमध्ये जे दोन आजार सर्वाधिक आढळतात, त्यांपैकी हा एक. सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांना तो अधिक होतो. जन्मानंतर जडणाऱ्या बालहृदयविकाराचे जपान-अमेरिकेसारख्या देशांतले सर्वांत मोठे कारण हाच आजार आहे. भारतात ती जागा दीर्घकाळ संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवरने, अडवलेली होती. त्यामुळे कावासाकी आजार आपल्याकडे ओळखला जायलाही उशीर झाला. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील बालरोग विभागाने या मुलांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या, आणि हा आजार भारतातही आहे हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

टोकियोतला पहिला मुलगा

टोमिसाकू कावासाकी हे टोकियोतील रेडक्रॉस रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होते. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याची लक्षणे कोणत्याही माहीत असलेल्या आजारात बसेनात. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण निदानाची जागा रिकामीच राहिली. पुढच्या वर्षी तसाच दुसरा रुग्ण आला, मग आणखी काही. कावासाकींनी चिकाटीने एकेका मुलाची नोंद ठेवली आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांचे सविस्तर वर्णन जपानी भाषेत प्रसिद्ध केले. इंग्रजीतील लेख यायला १९७४ उजाडले.

त्या पहिल्या लेखात हा आजार आपोआप बरा होणारा आणि मागे काही न ठेवणारा म्हणून नोंदवला होता. ते चुकीचे ठरले, आणि कसे ठरले हे समजून घेण्यासारखे आहे. १९७० मध्ये जपानमध्ये देशव्यापी पाहणी झाली तेव्हा या आजारानंतर काही मुले अचानक दगावल्याचे आढळले. बरे होत आलेले मूल एकाएकी जात होते. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या जागोजाग फुगलेल्या आणि त्या फुगवट्यांत रक्ताच्या गुठळ्या अडकलेल्या दिसल्या. लक्षणांवरून जो ताप-पुरळाचा आजार वाटत होता, तो मुळात धमनीच्या भिंतीचा आजार होता.

निरोगी भिंत कशी असते

धमनीची भिंत तीन थरांची असते. रक्ताला लागून असतो तो आतला थर. त्याच्या पृष्ठभागावर पेशींचे एकपदरी, गुळगुळीत अस्तर असते. हे अस्तर नुसते आच्छादन नाही. रक्त गोठू नये, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू नयेत आणि धमनी गरजेप्रमाणे सैल व्हावी यासाठी ते सतत रसायने सोडत असते. अस्तराच्या खाली लवचीक तंतूंचा एक पातळ पडदा असतो. मधला थर स्नायूपेशींचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी धमनी ताणली जाते आणि पुन्हा मूळ मापावर येते ती या लवचीक पडद्यामुळे आणि स्नायूंच्या थरामुळे. बाहेरचा थर चिवट धाग्यांचा असतो. मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या याच बाहेरच्या थरात त्यांच्या स्वतःच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्याही असतात.

हा सगळा व्यवहार किती लहान जागेत चालतो हे ध्यानात घ्यावे लागते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हृदयाची मुख्य धमनी आतून जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते.

पहिला आठवडा : अस्तर बिघडते

आजार सुरू होतो तेव्हा मुलाची प्रतिकारशक्ती कशाने तरी एकदम चेतवली जाते. रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात, विशेषतः न्यूट्रोफिल. जंतू दिसताच सर्वांत आधी धावणाऱ्या आणि विघटन करणारी रसायने सोडणाऱ्या पेशी त्या याच. शिवाय पेशींना एकमेकींशी बोलायला लावणारी संदेशवाहक प्रथिने, म्हणजे सायटोकाइन्स, मोठ्या प्रमाणात सुटतात. ताप चढतो, मूल कमालीचे चिडचिडे होते, सीआरपी आणि ईएसआर या तपासण्यांचे आकडे वाढतात ते याच सायटोकाइन्समुळे.

हे संदेश धमनीच्या अस्तरालाही पोहोचतात. एरवी पांढऱ्या पेशींना चिकटू न देणारे अस्तर आता स्वतःच्या पृष्ठभागावर त्यांना धरून ठेवणारे रेणू उगवते. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी त्यावर घरंगळतात, मग चिकटतात आणि दोन पेशींच्या फटीतून भिंतीत शिरतात. फटी सैल झाल्याने रक्तातला द्रवही आत झिरपतो आणि भिंत सुजते. अंगभरच्या लहान वाहिन्यांतही हेच घडत असते. डोळ्यांची लाली, लाल ओठ, सुजलेले तळहात-तळपाय ही त्याचीच बाहेर दिसणारी रूपे आहेत. पायाला सूज आलेले मूल चालायलाही नकार देते.

ही प्रक्रिया सरळ रक्ताकडून बाहेर जाते की बाहेरच्या थराकडूनही आत येते, यावर पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद आहेत. जपानी अभ्यासकांना मधल्या थरातली सूज आणि मग आत-बाहेर दोन्हीकडून वाढणारा दाह दिसला. अमेरिकेतील ओरेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळे चित्र मांडले. त्यांच्या मते अस्तरापासून बाहेरच्या दिशेने जाणारा, न्यूट्रोफिलांनी घडवलेला विध्वंस साधारण पहिल्या दोन आठवड्यांत आटोपतो. त्यासोबत किंवा त्यानंतर बाहेरच्या थराकडून सुरू होणारा दुसरा, संथ दाह असतो आणि तो महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकू शकतो. मतभेदाचे एक कारण उघड आहे. जिवंत मुलाच्या हृदयाच्या धमनीचा तुकडा तपासायला काढता येत नाही. भिंतीची जी माहिती आहे ती दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांतून आणि हृदयप्रत्यारोपणात काढलेल्या मोजक्या हृदयांतून मिळालेली आहे. एकेका पालकाने त्या दुःखात दिलेल्या परवानगीवर हे ज्ञान उभे आहे.

दुसरा आठवडा : भिंत ढिली पडते

भिंतीत शिरलेल्या न्यूट्रोफिलांकडे प्रथिने कापणारी विकरे असतात. त्यांतले इलास्टेज हे विकर लवचीक तंतू तोडते. मागाहून येणाऱ्या मॅक्रोफेज या पेशी आणखी काही विकरे सोडतात, त्यांत धाग्यांचे जाळे विरघळवणारी एमएमपी या गटातली विकरे महत्त्वाची. या पेशी जंतूंवर जे हत्यार चालवतात तेच येथे स्वतःच्या भिंतीवर चालते. लवचीक पडद्याला भगदाडे पडतात, मधल्या थरातल्या स्नायूपेशी मरतात. साधारण दहाव्या दिवसापर्यंत दाह भिंतीच्या तिन्ही थरांत पोहोचलेला असतो.

आता आत रक्ताचा दाब तेवढाच आहे, पण तो पेलणारी भिंत राहिलेली नाही. सायकलच्या टायरचे आतले दोरे तुटले की रबर शाबूत असूनही नेमक्या त्याच जागी फुगा बाहेर येतो, आणि पंक्चर काढणारा टायर बघूनच सांगतो की आता हा टिकणार नाही. धमनीचेही तसेच होते. भिंतीचा जेवढा भाग ढिला झाला तेवढा बाहेर फुगतो. या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो एकदा आला की भौतिकशास्त्राचा एक नियमही मुलाच्या विरोधात जातो : दाब तोच असला तरी नळीची त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणजे फुगलेली जागा आणखी फुगण्याकडे झुकते. उपचार न मिळालेल्या साधारण दर चार मुलांपैकी एकाच्या हृदयाच्या धमनीत असा बिघाड होतो.

चौकट : बाहेर दिसणाऱ्या खुणा
पाच किंवा अधिक दिवसांचा ताप आणि त्यासोबत पुढील पाचपैकी चार खुणा असल्या तर निदान पक्के धरतात : दोन्ही डोळ्यांना लाली पण चिपडे नाहीत, लाल, भेगाळलेले ओठ आणि स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज व लाली आणि पुढे नखांच्या कडेपासून सुटणारी कातडी, मानेत दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. या सगळ्या खुणा एकाच दिवशी हजर नसतात. एक जाते, दुसरी येते, म्हणून पालकांनी काढून ठेवलेले फोटो निदानाला खरोखर उपयोगी पडतात. सावळ्या कातडीवर पुरळ चटकन दिसत नाही. आपल्याकडे बाळांना जन्मतःच बीसीजी टोचतात. या आजारात कधी कधी डाव्या दंडावरचा तो जुना व्रण लाल होऊन फुगतो, आणि ही खूण फार बोलकी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत खुणा अपुऱ्या असतात आणि धमनीला धोका मात्र जास्त असतो.

हृदयाच्याच धमन्या का?

या आजाराचा रोख मध्यम आकाराच्या, स्नायुमय धमन्यांवर असतो. काखेतल्या, ओटीपोटातल्या धमन्यांतही क्वचित फुगवटे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी एक गोष्ट मात्र लक्षवेधी आहे : हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणारी धमनी दाहाने पोखरलेली असते आणि तीच धमनी हृदयाच्या स्नायूत शिरली की तिची भिंत बरीचशी सुटलेली असते. अवयवाच्या बाहेरचा भागच तेवढा सापडतो. त्या भागाच्या बाहेरच्या थरातल्या सूक्ष्म वाहिन्यांचा याच्याशी संबंध असावा असे काही अभ्यासक मानतात.

धोका ताप गेल्यावर का?

ताप हा सायटोकाइन्सचा परिणाम आहे. त्यांची पातळी उतरली की तो जातो. भिंतीत शिरलेल्या पेशी मात्र लगेच निघून जात नाहीत आणि तुटलेले तंतू परत जोडले जात नाहीत. तापाचे आणि भिंतीचे वेळापत्रक वेगवेगळे आहे. या आजारातली सगळी फसगत इथेच होते.

त्यात आणखी एक भर पडते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधायला सुरुवात करणाऱ्या कणिका, झपाट्याने वाढतात. डेंगीत पालक प्लेटलेट घटण्याची धास्ती घेतात. येथे उलट त्या दहा लाखांच्या घरात जाऊ शकतात. फुगवट्यात रक्ताचा वेग मंदावतो, ते तिथल्या तिथे फिरत राहते. गोठू न देणारे अस्तर तर आधीच गेलेले असते. मंद रक्त, उघडी भिंत आणि भरमसाट प्लेटलेट असे तिन्ही जुळून आले की गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा पुरवठा तोडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आलेला हा खराखुरा हृदयविकाराचा झटका असतो, आणि छातीत दुखते हे त्याला सांगताही येत नाही. ते नुसते रडते, उलटी करते, पांढरे पडते. ताप सुरू झाल्यापासून १५ ते ४५ दिवसांचा काळ यासाठी सर्वांत धोक्याचा आहे.

सुरुवात कशाने होते?

एवढ्या वर्षांत कोणताही एक जंतू दोषी ठरलेला नाही. पण पुरावे एका दिशेने बोट दाखवतात. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये या आजाराच्या मोठ्या साथी आल्या. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, मुले घरात राहिली आणि मास्क आले तेव्हा जपानमधील रुग्णसंख्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने घटली. म्हणजे श्वासातून पसरणारा कुठला तरी संसर्ग, किंवा असे अनेक संसर्ग, यामागे असावेत. तरीही हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही. संसर्ग पुष्कळांना होतो, भिंत पेटते ती थोड्यांचीच.

ती कोणाची, हे ठरण्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. जपानमध्ये दर वर्षी पाच वर्षांखालील एक लाख मुलांमागे तीनशेहून अधिक रुग्ण आढळतात, तर अमेरिकेत सुमारे वीस-पंचवीस. हवाईत वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलांत प्रमाण पुन्हा जास्त भरते, म्हणजे देश बदलला तरी जोखीम सोबत येते. रुग्णाच्या भावंडांना इतरांपेक्षा धोका सुमारे दहापट. २००८ मध्ये जपानी संशोधकांना आयटीपीकेसी या जनुकातील एक बदल रुग्णांत अधिक आढळला. हे जनुक प्रतिकारशक्तीतील टी-पेशींच्या चेतनेला लगाम घालते. लगाम ढिला असला तर साध्या संसर्गालाही अवाजवी प्रतिसाद मिळणार, हे त्यावरून समजते.

२०२० च्या एप्रिलपासून ब्रिटन, इटली, अमेरिका आणि पुढे मुंबईतही कोविडनंतर काही आठवड्यांनी मुलांमध्ये असाच दाह दिसू लागला. त्याला एमआयएस-सी म्हणतात. डोळे, पुरळ, ताप सारखेच, पण ही मुले वयाने मोठी होती, पोटाच्या तक्रारी जास्त होत्या आणि धमनीपेक्षा हृदयाचा स्नायू अधिक कमजोर होत होता. दोन्ही आजार एक नव्हेत. एखादा विषाणू ओसरल्यावरही मुलाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर कशी उलटू शकते, हे मात्र सगळ्या जगाने त्या वर्षी पाहिले.

दहा दिवसांची मुदत

भिंत ढासळायच्या आत दाह थांबवायचा, हे उपचाराचे सूत्र आहे, आणि म्हणून ताप सुरू झाल्यापासूनचे पहिले दहा दिवस मोलाचे. मुख्य औषध म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे, अर्थात इम्युनोग्लोब्युलिन. १९८४ मध्ये जपानच्या फुरुशो यांनी आणि १९८६ व १९९१ मध्ये अमेरिकेच्या जेन न्यूबर्गर यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी त्याचा उपयोग सिद्ध केला. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, शिरेतून दहा-बारा तासांत, एकदाच. बारा किलोच्या मुलाला २४ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या लागतात. औषध महाग आहे आणि आपल्याकडच्या अनेक कुटुंबांसाठी खरी अडचण तीच आहे. फायदाही तेवढाच मोठा : फुगवट्याचे प्रमाण २५ टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांवर येते आणि बहुतेकांचा ताप दीड दिवसात उतरतो. दहा दिवस उलटून गेले तरी ताप किंवा दाह चालू असेल तर हे औषध देतात; उशीर झाला म्हणून ते सोडून द्यायचे नसते.

ही प्रतिपिंडे पांढऱ्या पेशींवरील ग्राहक अडवतात, सायटोकाइन्स कमी करतात आणि दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देतात असे दिसते. साधारण दहा ते वीस टक्के मुलांना एका मात्रेने पुरत नाही. त्यांना दुसरी मात्रा, स्टेरॉइड किंवा टीएनएफ या सायटोकाइनला थोपवणारे इन्फ्लिक्सिमॅब देतात. ज्यांना धोका जास्त दिसतो त्यांना सुरुवातीलाच स्टेरॉइड देण्याचा फायदा जपानमधील २०१२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसला. ॲस्पिरिन आधी दाहासाठी आणि नंतर अगदी लहान मात्रेत प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून सहा ते आठ आठवडे देतात. त्या काळात मुलाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर डॉक्टरांना ताबडतोब कळवावे लागते, कारण ॲस्पिरिनसोबत यकृत व मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम उद्भवू शकतो. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी सुमारे अकरा महिने पुढे ढकलतात, कारण दिलेली प्रतिपिंडे त्या लसींचा परिणाम पुसून टाकतात.

धमनीवर नजर ठेवण्याचे साधन म्हणजे टूडी इको. निदान झाल्यावर, एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी तो करतात. मिळालेले माप मुलाच्या उंची-वजनाच्या हिशेबात तपासून झेड स्कोअर नावाचा आकडा काढतात. तो दोनच्या आत असला तर धमनी नेहमीच्या मापाची; अडीचच्या पुढे फुगवटा; दहाच्या पुढे किंवा आठ मिलिमीटरहून मोठा असला तर तो महाकाय.

भरून आलेली भिंत

लहान फुगवट्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्ष-दोन वर्षांत इकोवर दिसेनासे होतात. यामागची क्रिया समजली की ‘बरे झाले’ या शब्दांचा अर्थ थोडा बदलतो. मधल्या थरातल्या आणि बाहेरच्या पेशी रूप पालटतात, धाग्यांचे उत्पादन करणाऱ्या स्नायुतंतुपेशी बनतात आणि आतल्या बाजूला थर रचत जातात. पोकळी पुन्हा मूळ मापाची दिसते. पण गेलेला लवचीक पडदा परत येत नाही. जागा भरते ती जाड, ताठर ऊतीने. व्यायामात रक्ताची मागणी वाढते तेव्हा निरोगी धमनी सैल होते, ही तितकी होत नाही. हीच भरण्याची क्रिया आवरती राहिली नाही तर आतली वाट अरुंद होत जाते. एका क्रियेतून एका मुलाची धमनी पूर्वपदावर येते आणि दुसऱ्याची चिंचोळी होते.

महाकाय फुगवटे सहसा मिटत नाहीत. त्यांत वर्षानुवर्षे कॅल्शियम साचते. विशी-तिशीत छातीत दुखून आलेल्या तरुणाच्या सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या धमनीवर कॅल्शियमचे कडे दिसले आणि लहानपणी लांबलेल्या तापाची हकिकत निघाली, तर डॉक्टरांना या आजाराचा विचार करावा लागतो. त्याची धमनी कोलेस्टेरॉलने नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीच्या दाहाने बिघडलेली असू शकते. अशा रुग्णांना ॲस्पिरिनसोबत वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध लागते, प्रसंगी बायपासही.

ज्या मुलांच्या धमन्यांना काहीच झालेले नसते त्यांचा हृदयाचा पाठपुरावा साधारण वर्षभरात थांबवता येतो. ती धावू शकतात, खेळू शकतात. लहान फुगवटा येऊन मिटलेल्यांना काही वर्षांच्या अंतराने तपासण्या लागतात. महाकाय फुगवटा असलेल्यांची तपासणी मात्र जन्मभर चालते, आणि मुलींच्या बाबतीत पुढे बाळंतपणाचा विचार करतानाही बालपणीच्या त्या इकोचे कागद हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवावे लागतात.